ट्रूपरचं हेल्मेट: रिकास्ट घ्यावा की मूळ मेकरचं किट?

मागच्या काही महिन्यांत चार-पाच पोट्ट्यांनी मला एकच विचारलं, की दादा, ‘स्टार वॉर्स’ पिक्चरमधल्या स्टॉर्मट्रूपर शिपायाचं हेल्मेट घ्यायचं आहे, रिकास्ट साडेतीन हजारात भेटून राहिला आणि मूळ मेकरचं किट अकरा हजाराला, एवढा फरक कायचा? रिकास्ट म्हणजे दुसऱ्याने घडवलेल्या हेल्मेटवरूनच साचा काढून केलेली कॉपी, मूळ मेकर म्हणजे ज्याने ते पडद्यावर पाहून स्वतः मातीत घडवलं तो, आणि किट म्हणजे आपणच जोडायचे सुटे भाग. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकाच फळीवर बाजूबाजूला, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. फायबर कसं मारतात, साचा कसा काढतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय.

आधी रिकास्टची बाजू, कारण पहिला मी तोच घेतला होता. धानाचे पैसे यायचे होते, अकरा हजार हातात नव्हते, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसत होते. पैसे टाकले, आठव्या दिवशी पार्सल ब्रह्मपुरीला, गाडीवर जाऊन घेऊन आलो. मूळ मेकरच्या किटला पाच महिने लागले, पैसे आधी भरलेले, मधे एकदा तर वाटलं गेले आपले पैसे. म्हणजे किंमत आणि वेळ या दोन गोष्टींत रिकास्टच पुढे आहे, हे मान्यच करावं लागेल. रंग मारून चार फुटांवरून पाहिलं तर घरच्यांना आजही फरक सांगता येत नाही.

आता माझं जिथे अडलं ते सांगतो. कान.

ट्रूपरचा चेहरा वेगळा आणि मागचा भाग वेगळा येतो, दोन्हीची जोड कानाखाली, म्हणजे बाजूला वेगळ्या बसवायच्या तुकड्याखाली, झाकली जाते, हे तुम्हाला माहीत आहे. कान चिपकून बसला पाहिजे. माझ्या रिकास्टचा डावा कान वरून बसवला की खालून नख जाईल एवढी फट, खालून दाबला की वरून उचलला जायचा. सिलिकॉन आणि रेझिन दर वेळेस थोडं आकसते, कॉपीवरून कॉपी काढत गेलं की ते साचत जाते, आणि माझा अंदाज असा की चेहरा एका साच्याचा आणि कान भलत्याच साच्याचे होते. तीन संध्याकाळी कानस घेऊन बसलो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, भाऊ गरम पाणी टाकून वाकवा. कुठून किती कापू विचारलं तर म्हणे तुम्हीच पाहून घ्या. मला राग यावा असं काही नव्हतं त्यात, त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण तो कान मुळात कसा बसवायचा हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं, ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी कानाखालची जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत होतो तर पुट्टीची एक खपली निघाली. खाली दोन अक्षरं. बारीक, हाताने कोरलेली, एक थोडी तिरपी. मूळ मेकरने कान झाकेल अशा जागी आपली खूण ठेवली होती आणि ती साच्यातून माझ्या हेल्मेटपर्यंत आली होती, आणि रिकास्ट काढणाऱ्याने ती पुट्टी भरून बुजवली होती. फट तं मी एमसील लावून भरून टाकली असती हो. पण ती पुट्टी पाहिल्यावर मला ते हेल्मेट पुरं करावंसं वाटलं नाही. बुजवणाऱ्याला कळत होतं की आपण काय करून राहिलो, नाहीतर बुजवलं कशाला असतं?

यावर नेहमी एकच सांगतात, की मूळ मेकरनेही पिक्चरचीच कॉपी केली ना, मग चोरावर मोर कशाला. मी हे बरेच दिवस डोक्यात घोळवलं. आमच्या गावात एक वाढईकाका तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करतात, मान किंचित वळवलेली, त्यांची ओळखच आहे ती. त्यांना विचारलं, काका तुमचा नंदी पाहून कोणी तसाच केला तर? ते म्हणाले, "पाहून केला तं त्याचे हात चालले ना गा. साच्यात टाकला तं हात माझेच चालले अन् पैसे त्याले." मला वाटते फरक एवढाच आहे. पडद्यावर पाहून, थांबवून थांबवून, ते हेल्मेट मुळातच डावं-उजवं सारखं नाही हे ओळखून मातीत घडवायला महिने जातात. तेच हेल्मेट सिलिकॉनमध्ये बुडवायला एक दुपार पुरते.

कायद्याच्या भरवशावर मात्र हे ठरवू नका. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी ही हेल्मेटं ज्याने प्लास्टिकमध्ये काढून दिली त्या अँड्र्यू एन्सवर्थने पुढे स्वतःच ती विकायला काढली, पिक्चर काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने केस केली, आणि २०११ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हेल्मेट म्हणजे शिल्प नाही, वापरायची वस्तू आहे, म्हणून तिथे शिल्पाचा कॉपीराइट लागत नाही. अमेरिकेतल्या कॉपीराइटचा दावा मात्र इंग्लंडच्या कोर्टात चालू शकतो हेही त्याच निकालात आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम १५ आहे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नसेल आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखानी पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग निघाले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे घरी बसून हेल्मेटं करणाऱ्या माणसामागे कोर्ट उभं राहीलच असं नाही, घेणारे उभे राहिले तरच.

मूळ किट आलं तेव्हा कानावर पेन्सिलची रेघ मारलेली होती, इथून कापा म्हणून. अर्ध्या तासात दोन्ही कान बसले. उजवीकडे शंका वाटली तर फोटो पाठवला, रात्री त्याच फोटोवर लाल खूण करून परत आला. आणखी एक, हे मोजून सांगत नाही, पण मे महिन्यात दोन्ही हेल्मेटं टिनाच्या खोलीतच होती आणि रिकास्टचा जबडा थोडा फाकला, मूळचा जसाच्या तसा आहे. एकेका नगाचा फरक असू शकतो.

झाडीपट्टीच्या नाटकात आपटायला-फेकायला पाहिजे असेल तर अकरा हजाराचं घेऊ नका, हे मीही म्हणेन, पण मग रिकास्टही कशाला, फायबर येत असेल तर पाहून स्वतःच घडवा, ओबडधोबड चालते स्टेजवर. मेकरने काम बंद केलं असेल तर एक मेसेज टाकून विचारा, काही जण हो म्हणतात. मेकर हयातच नसेल तर तुम्ही घेतलं म्हणून मी भांडणार नाही, माझं स्वतःचं मन तरी होणार नाही.

आणि ज्याच्याकडून घेताय त्याला पैसे टाकायच्या आधी मातीतल्या कामाचा फोटो मागा, अर्धवट झालेल्या, बोटांचे ठसे दिसत असलेल्या. ज्याने घडवलं आहे त्याच्या फोनमध्ये असे पन्नास असतात आणि तो खुशीने पाठवतो. मी दुसऱ्या वेळेस मागितले तर एकदम अकरा आले, त्यातल्या चौथ्यात डाव्या कानाखाली तीच दोन अक्षरं होती, एक थोडी तिरपी.