अहिंसक आंदोलनाचं एकदिवसीय प्रशिक्षण, पुणे कॅम्प: सराव कसदार, आत्मशुद्धी घाईत

कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये ख्रिस्ती तरुणांसाठी होणारं हे प्रशिक्षण दुपारच्या सत्रासाठी तरी कराच. एक गट जमिनीवर मांडी घालून बसतो. दुसरा शिव्या देतो, कॉलर ओढतो, डोक्यावर पाणी ओततो. सूचना नेमक्या आहेत. तळहात उघडे, मांडीवर, समोरच्याला दिसतील असे. मार सुरू झाला की कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, बोटं मानेमागे गुंफलेली. नजर खाली नाही, आणि हसायचं तर अजिबात नाही. घोटाळा नेमका तिथेच होतो: भीतीने हसू फुटतं, समोरच्याला वाटतं आपली टिंगल चाललीय, आणि तो आणखी भडकतो.

या सरावाचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो, पण प्रशिक्षक त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत! अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी जेम्स लॉसन 1953 ते 1956 या काळात हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींचा सत्याग्रह समजून घेऊन ते अमेरिकेत परतले आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी चर्चमध्ये असाच सराव करून घेतला. फेब्रुवारी 1960 मध्ये ती मुलं फक्त गोऱ्यांना जेवण देणाऱ्या, दुकानांतल्या लंच काउंटरवर जाऊन बसली. मे महिन्यात तिथे कृष्णवर्णीयांना जेवण मिळू लागलं.

खरी उणीव श्रद्धेच्या बाजूला आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून अहिंसक आंदोलनाच्या चार पायऱ्या लिहिल्या: माहिती जमवणं, वाटाघाटी, आत्मशुद्धी आणि मग थेट कृती. तिथल्या स्वयंसेवकांच्या प्रतिज्ञेत येशूच्या शिकवणीवर रोज मनन करणं पहिलंच होतं. इथे तिसरी पायरी शेवटच्या प्रार्थनेत उरकतात. ‘दुसरा गालही पुढे कर’ सांगणारं बायबलमधलं मत्तय 5:39 नुसतं वाचून दाखवतात. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे कुणी उलगडत नाही. सरावानंतर गोल करून बसणंही नाही. शिव्या देणाऱ्यांना त्याची चटक लागते, खाणाऱ्यांचा राग तसाच राहतो, आणि तो उद्या कलेक्टर कचेरीबाहेर पहिल्या धक्क्याला बाहेर पडणार. प्रत्येक फेरीनंतर ‘राग नेमका कधी आला?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

कायद्याचा भाग ‘परवानगी घ्या’ इथेच संपतो. अर्जाची शिक्का मारलेली पोच जवळ ठेवणं, पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू आहे का हे ठाण्यात आधी विचारणं, हे सांगायलाच हवं होतं.

जाताना जुना शर्ट घाला, दुसरा सोबत ठेवा, चष्मा काढून बसा.