पिंपळगाव बसवंत परिसरातील ट्रॅक्टर सर्व्हिसिंग : काम चोख, बिल मोघम

ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षबागेतील छोट्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग पिंपळगाव बसवंत परिसरातील एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर मीटरवरील तासांनुसार कोणीही बदलून देतो. येथील मिस्त्रींचे कसब दिसले ते डिझेल फिल्टर बदलताना, कारण लगेच स्टार्टर न मारता त्यांनी नळीत अडकलेली हवा बाहेर काढण्याचा ब्लीडिंग स्क्रू सैल केला, हातपंपाने डिझेल चढवले आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत स्क्रू आवळला नाही. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेतील धूळ तेलात अडकवणाऱ्या गाळणीच्या) वाटीतील चिकट गाळ खरवडून, वाटी डिझेलने धुऊन, नवे ऑइल बरोबर खुणेपर्यंतच भरले. त्याहून जास्त भरल्यास ते इंजिनात ओढले जाते, हे सहसा कोणी सांगत नाही. कूलंटची केवळ पातळी पाहिली, तेवढे पुरेसे होते. मात्र हायड्रॉलिक, गिअरबॉक्स आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असताना त्याचा ग्रेड बिलावर लिहिलेला नाही, ही ढिलाई खटकते. मजुरी वाजवी आहे. छाटणीच्या तोंडावर गर्दी उसळते, म्हणून सप्टेंबरमध्येच नंबर लावावा आणि तेलाचा डबा आपल्यासमोरच फोडायला सांगावा.