डझनभर माणसं, चार गावं: आयर्लंडमध्ये पबसाठी मुक्काम कुठे टाकावा?

पहिल्या वेळी आम्ही तेराजण होतो. डब्लिनहून दोन गाड्या काढून पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात गेलो, कारण तिथल्या पबचं नाव सगळ्यांच्या कानावर होतं. पब म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्या जोडल्यावर होईल एवढी जागा. आत शिरलो, कोपऱ्यातली मोकळी बाकं पटकावली, ओले कोट पसरले. ‘काय नशीब!’ असं कुणीतरी म्हणतंय तोवर खांद्याला फिडलची, म्हणजे व्हायोलिनची पेटी लावलेले एक आजोबा समोर येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते हसले. ती वादकांची जागा होती. आम्ही उठलो, पण तेराजणांना दुसरीकडे बसायला जागाच नव्हती, आणि चालत जाता येईल असा दुसरा पबही नव्हता. ती संध्याकाळ पावसात गाडीत बसून वेफर्स खाण्यात गेली.

तेव्हापासून माझं ठरलंय. दोघं-तिघं असाल तर पब निवडा, पण गट असेल तर गाव निवडा. दोन-तीन रस्त्यांत आठ-दहा पब हवेत, म्हणजे मंडळी चार-चार करून पांगतात आणि तासाभराने परत भेटतात. मुक्काम तिथून चालत दहा मिनिटांत हवा. आणि न पिणाऱ्यांना दिवसभर करण्यासारखं काहीतरी हवं, कारण आपल्या प्रत्येक गटात तीन-चारजण तरी तसे असतातच.

पबसाठी गाजलेली गॉलवे, डिंगल आणि डूलिन मुद्दाम बाजूला ठेवलीत. वाईट म्हणून नव्हे. उन्हाळ्यात तिथे बाराजणांना एकत्र उभं राहायलाही जागा मिळत नाही म्हणून. उरली चार: मेयो परगण्यातलं वेस्टपोर्ट, क्लेअरमधलं एनिस, कॉर्कच्या पश्चिमेचं क्लोनाकिल्टी आणि उत्तरेला लाऊथमधलं कार्लिंगफर्ड. आयरिश माणसाला ही नावं नवी नाहीत, पण आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात ती सहसा मुक्कामाला नसतात.

आधी पोहोचण्याचं बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. आयर्लंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आणि नवशिक्यांना व व्यावसायिक चालकांना फक्त २०. रात्रीची सकाळी उतरलेली नसते हेही लक्षात ठेवा. म्हणजे गाडीने गेलात तर कुणीतरी एकजण तीन दिवस कोरडा राहणार, आणि परतताना त्याचं तोंड बघवणार नाही. वेस्टपोर्ट इथे सरळ पुढे आहे. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून रेल्वेने तीन तासांच्या थोडं वर लागतं आणि उतरल्यावर चालत गावात जाता येतं. एनिसलाही रेल्वे आहे, पण साधारणपणे लिमरिकला गाडी बदलावी लागते. मात्र शॅनन विमानतळ तिथून अर्ध्या तासावर असल्यामुळे लंडनची मंडळी परस्पर तिथे उतरू शकतात. क्लोनाकिल्टीची रेल्वे १९६१ सालीच बंद झाली. डब्लिनहून कॉर्कपर्यंत अडीच तास रेल्वे आणि पुढे तासाभराहून जास्त बस. कार्लिंगफर्ड डब्लिनला सगळ्यांत जवळ, गाडीने सव्वा-दीड तास, पण रेल्वे नाही.

कार्लिंगफर्डबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, ती कुणी सांगत नाही. गावासमोरच्या खाडीपलीकडे उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम. मध्ये चौकी नाही, फाटक नाही. रस्त्यावर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं आपण पलीकडे आलो. पुण्याहून आई-बाबा आयर्लंडचा साधा व्हिसा घेऊन आले असतील तर त्यांना पलीकडे नेणं नियमात बसत नाही. जवळचं एक स्टेशन न्यूरी, तेही पलीकडचंच. त्यामुळे पाहुण्यांसोबत जात असाल तर डंडॉकला उतरा. (आयर्लंड शेंगेनमध्ये नाही हे दरवर्षी कुणाला ना कुणाला विमानाचं तिकीट काढल्यावर कळतं.)

आता संध्याकाळ.

ज्यांना गाणं-बजावणं ऐकायचंय त्यांनी एनिस सोडून दुसरीकडे बघू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. क्लेअर हा कॉन्सर्टिनाचा प्रदेश. कॉन्सर्टिना म्हणजे हातात मावणारी, सहा-आठ कोनांची छोटी पेटी, दोन्ही बाजूंनी भाता ओढायचा. एनिसमध्ये मठाच्या अवशेषांना लागून असलेलं क्रूझेस, त्याच रस्त्यावरचं नॉक्सेस, ओकॉनल स्ट्रीटवरचं ब्रोगन्स ही सगळी पाच मिनिटांच्या अंतरात. आयरिश सेशन, म्हणजे पबमधली वादकांची बैठक, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे लोक आपल्याकडे पाठ करून का बसलेत? कारण ते आपल्यासाठी वाजवतच नसतात. आपल्या भजनी मंडळासारखं आहे ते. गोल करून एकमेकांकडे तोंड, एकाने चाल धरली की बाकीचे मिळतात, आणि ज्याला ती चाल येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून गप्प बसतो. आपण बाजूला उभं राहावं. टाळ्या वाजवून ठेका धरू नये. तो चुकतो आणि मग सगळ्यांचाच चुकतो.

मधूनच कुणीतरी वाद्यांशिवाय गायला लागतं. अख्खा पब गप्प होतो. बारवरचा माणूससुद्धा नळ सोडायचा थांबतो. आमच्यातले दोघं शेअर बाजारावर बोलत राहिले तेव्हा शेजारच्या बाईंनी ‘श्श्’ केलं, आणि बरंच केलं. गाणं संपल्यावर गाणारा पुढच्याचं नाव घेतो, त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात. त्या रात्री बोट आमच्याकडे वळलं. सगळे एकमेकांच्या मागे लपत असताना आमच्यातल्या एका मावशींनी पर्स खाली ठेवली आणि उभ्या राहून गवळण म्हटली. दुसऱ्या कडव्याला एका बासरीवाल्याने खालच्या पट्टीत सूर धरला होता. हे एनिसमध्ये घडलं ते योगायोगाने नाही. गाव २५ हजारांहून मोठ्या वस्तीचं आहे, परगण्याचं मुख्य ठिकाण आहे. वादक तिथे राहतात, पर्यटकांसाठी बाहेरून आणलेले नसतात.

वेस्टपोर्टची बाजू वेगळी. ब्रिज स्ट्रीटवरचं मॅट मलॉयज हे द चीफटन्स या आयरिश लोकसंगीताच्या बँडमधल्या बासरीवादकाचं, त्यामुळे नाव मोठं आणि गर्दीही तशीच. पुढे अरुंद बार, मागच्या खोलीत संगीत. साडेआठच्या आत गेलात तर पाचजणांना टेबल मिळेल; नऊनंतर बाराजणांनी प्रयत्नही करू नये. पण म्हणूनच वेस्टपोर्ट गटाला सोयीचं: मलॉयज भरलं तर त्याच रस्त्यावर पोर्टर हाउस आहे, तिथेही वाजवणारे असतात, आणि चौकापर्यंत गेलात तर आणखी चार दारं. गाव अठराव्या शतकात आखणी करून बांधलेलं, मधून छोटी नदी, त्यामुळे रात्री कुणी हरवत नाही. हे गमतीने नाही म्हणत. एनिसच्या बोळांत आमचा एकजण हॉटेलपासून शंभर पावलांवर पाऊण तास फिरत होता.

क्लोनाकिल्टीत डी बॅराज आहे, आणि ते ‘फोक क्लब’ आहे ही गोष्ट समजून घ्या. पुढे साधा पब, मागे कार्यक्रमाची खोली; नावाजलेल्या कलाकारांना तिकीट असतं. बाराजणांना ही चांगली बातमी, कारण तिकीट काढलं की आत शिरण्याची चिंता मिटते. जिमी हेंड्रिक्सच्या बँडमधला बासवादक नोएल रेडिंग याच गावाजवळ राहायचा आणि वर्षानुवर्षं इथे वाजवायचा. २००३ साली तो गेला, पण भिंतीवर अजून आहे. आपल्या गटात रॉक ऐकणारे असतील तर त्यांना फिडलपेक्षा हे जवळचं वाटतं.

कार्लिंगफर्ड शनिवारी टाळा. लग्नाआधीच्या पार्ट्यांचं ते आवडतं ठिकाण. एकसारखे टी-शर्ट घातलेले वीस-वीसचे जथे संध्याकाळी सातपासूनच जोरात असतात. मंगळवारी-बुधवारी मात्र तेच मध्ययुगीन बोळ, किल्ला आणि ऑयस्टर अगदी निवांत मिळतात. पी. जे. ओहेअर्समध्ये काचेच्या पेटीत एका लेप्रेकॉनचा, म्हणजे आयरिश लोककथांतल्या बुटक्याचा, म्हणे सापडलेला सूट ठेवलाय. मुलांना दाखवायला ठीक.

दिवसा काय करायचं याचं उत्तर वेस्टपोर्टइतकं भक्कम कुणाकडेच नाही. क्रोग पॅट्रिक डोंगर ७६४ मीटरचा. सह्याद्रीत फिरलेल्यांना आकडा किरकोळ वाटेल, पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि शेवटचा सुळका सुट्या दगडांचा आहे. पाय एक पाऊल वर, अर्धं खाली. वर १९०५ साली बांधलेलं छोटं चर्च आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणी; वारी पाहिलेल्या माणसाला तो दिवस बघावासा वाटेल, पण त्या शनिवार-रविवारी गावात खोली शोधू नका. डोंगर नको असेल त्यांना १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवरून अॅकिलपर्यंत ४० किलोमीटरच्या वर सायकलरस्ता आहे. सगळा करायची गरज नाही. वाटेतल्या न्यूपोर्टपर्यंत जाऊन परत या.

एनिसचं दिवसाचं खातं जरा पातळ. जुना मठ, आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनलचा स्मारक-खांब, आणि मोहम्मद अलीच्या पणजोबांचं गाव म्हणून २००९ साली तो स्वतः येऊन गेल्याची आठवण, एवढ्यात सकाळ संपते. मग मोहरचे कडे आणि बरनचं दगडी पठार, पण त्यासाठी गाडी किंवा बस हवी. क्लोनाकिल्टीजवळ इंचिडोनीचा किनारा अप्रतिम आहे, आणि आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकल कॉलिन्स याचं जन्मस्थानही त्याच भागात. कार्लिंगफर्डमागे ५८८ मीटरचा स्लीव फॉय उभा आहे, सकाळी चढून दुपारी परत येण्यासारखा.

खाण्याच्या बाबतीत चारही गावं सारखीच आपली परीक्षा बघतात. आपण नऊला जेवायला बाहेर पडतो, आणि बहुतेक पबांचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. काही चांगल्या पबांत जेवण मिळतच नाही; वेफर्सचं पाकीट हेच भोजन. शाकाहाऱ्यांनी सूप मागताना ते चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारावं, आणि ‘टोस्टेड स्पेशल’ या भाजलेल्या सँडविचमध्ये हॅम असतं. क्लोनाकिल्टीची प्रसिद्धी ब्लॅक पुडिंगवर, म्हणजे रक्त घालून केलेल्या सॉसेजवर. त्याच नावाने शाकाहारी पुडिंगही मिळतं. सहा-साडेसहाला आधी जेवून घ्या, मग पब. आणि खोलीत चिवडा ठेवा.

न पिणाऱ्यांनी अवघडून बसायचं कारण नाही. पबमध्ये चहा मागितला तर कुणी वळून बघत नाही, आणि गिनेस या काळ्या बिअरचा बिनअल्कोहोलचा प्रकारही आता बहुतेक ठिकाणी मिळतो. मुलं बरोबर असतील तर मात्र १८ वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर, मे ते सप्टेंबर दहानंतर, बारमध्ये थांबता येत नाही. म्हणजे मोठ्यांपैकी कुणीतरी उठणार, आणि मुक्काम चालत अंतरावर का हवा ते तेव्हा कळतं.

पैशांचं आधीच ठरवा. आयरिश पद्धत राउंडची: एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. चौघांत ते गोड वाटतं, बाराजणांत प्रत्येकाला बिअरचे बारा पाइंट (मोठे ग्लास) होतात. आपलं टीटीएमएमही तिथे जरा कंजूस दिसतं, बारवर बाराजण वेगवेगळी कार्डं काढून उभे राहिले की मागच्यांचे चेहरे बघा. आम्ही चार-चारचे गट करून प्रत्येक गटाची वर्गणी एकाच्या हातात देतो. हिशोब सकाळी, उतरल्यावर.

तर मग कुठे? पहिल्यांदा जाताय, गट मिश्र आहे, कुणाची आई आहे, कुणाची सहा वर्षांची मुलगी आहे, गाडी नको आहे: वेस्टपोर्ट, तीन रात्री, शक्यतो मे किंवा सप्टेंबर. गटात संगीतवेडे जास्त आणि बाकीचे सोशिक असतील तर एनिस. मेच्या शेवटी तिथे फ्ला नूआ हा मोठा संगीतमेळा असतो, तेव्हा खोल्या फार आधी धरा. क्लोनाकिल्टीला चार दिवस आणि गाडी असेल तरच जा, दोन दिवसांसाठी एवढा प्रवास परवडत नाही. मला स्वतःला चौघांत जायला तेच सगळ्यांत आवडतं, पण हा लेख बाराजणांसाठी आहे. कार्लिंगफर्ड एका रात्रीपुरतं, आठवड्याच्या मधल्या दिवशी.

वेस्टपोर्ट ठरलं तर वाटेत अॅथलोनला उतरता येतं का बघा. गाडी तिथूनच जाते. दिवसाला गाड्या मोजक्याच, तेव्हा पुढच्या गाडीची जागा आधी धरून ठेवा. शॅनन नदीचा पूल ओलांडला की किल्ल्यामागे शॉन्स बार आहे. इसवी सन ९०० पासूनचा असल्याचा त्यांचा दावा आहे. आयर्लंडमधला सर्वांत जुना म्हणवून घेतो. आतली जमीन नदीकडे उतरती ठेवलीय, पुराचं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून. पहिल्याच पाइंटला आपण तिरके उभे आहोत असं वाटलं तर घाबरू नका.