बोशिया बॉलचा सेट : डाव्या हाताची परीक्षा

अपघातानंतर बावीस दिवस बेशुद्ध होतो. डोक्याचं ऑपरेशन झालं, आता डावा हात आखडतो आणि डावीकडचं कमी दिसतं. क्रिकेट गेलंच. फिजिओताईंनी बोशिया सुचवला. १९८४पासून पॅरालिंपिकमध्ये आहे म्हणे. मी म्हटलं, गोट्याच की!

सेटमध्ये ६ लाल, ६ निळे बॉल आणि १ पांढरा, त्याला जॅक म्हणतात. जॅकच्या जवळ आपला बॉल टाकायचा, एवढंच. एकेक बॉल साधारण २७५ ग्रॅमचा, आत दाणे भरलेला, जरा मऊसर. त्यामुळे आखडलेल्या बोटांत बसतो आणि सुटला तरी कपाटाखाली पळत नाही. टेनिसच्या बॉलमागे आईला किती वाकवलंय!

तक्रार शिवणीची. गच्चीच्या कोब्यावर खेळलो, तिसऱ्या आठवड्यात एका लाल बॉलमधून दाणे सांडले. कंपनीचं उत्तर अजून नाही. आईने गोधडीच्या सुईने टाके घातले. तो बॉल आता जरा उजवीकडे वळतो. गुळगुळीत फरशीवरच खेळा. खरं कोर्ट १२.५ मीटर लांब, आमचा हॉल त्याच्या निम्माही नाही.

जॅक डावीकडे गेला की भाचा टाळी वाजवतो, मग मी मान वळवतो. काल त्याला ४-१ हरवलं. चार स्टार.