मोठी बॅटरी ७८ टक्के भरलेली, तरी इलेक्ट्रिक गाडी बंद: एक वर्ष आणि १८,६०० किलोमीटरनंतर

मे महिन्यातला गुरुवार. आईला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला न्यायचं होतं, म्हणून सकाळी साडेसहालाच जुळे सोलापुरातल्या घरून निघणार होतो. रात्री ॲपवर ७८ टक्के चार्ज बघूनच झोपलो होतो. सकाळी बटण दाबलं तर दार उघडेना. रिमोटमधली साधी किल्ली काढून दार उघडलं. आत सगळा अंधार. स्क्रीन नाही, दिवा नाही, हॉर्नसुद्धा वाजेना. नारळाची पिशवी हातात धरून आई पायरीवर बसली होती. शेवटी ती एसटीने गेली.

रेंज, चार्जिंगचा वेळ, वॉरंटी हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. मी लिहितोय ते बॉनेटखालच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीबद्दल. गाडी घेताना तिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. इलेक्ट्रिक गाडीतही दारांची कुलपं, दिवे, स्क्रीन आणि सगळे कंट्रोल या १२ व्होल्टवरच चालतात. मोठ्या बॅटरीचा करंट मोटारीकडे सोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विचही, हीच बॅटरी ओढून धरते. ती मेली की खाली ३० युनिटांचा साठा भरलेला असूनही त्यातलं काहीच बाहेर येत नाही. पेट्रोल गाडीची बॅटरी मरायच्या आधी स्टार्टर कुरकुरतो, आपल्याला अंदाज येतो. इथे जड स्टार्टरच नाही, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत गाडी अगदी ठणठणीत वाटते.

हेल्पलाइनवाल्याने दुपारी टोइंग पाठवलं. तीन दिवस गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये. बिल ६,४०० रुपये: नवी छोटी बॅटरी आणि 'तपासणी शुल्क'. छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीत येत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. मी भांडलो. अकरा महिन्यांत बॅटरी जातेच कशी? 'साहेब, सोलापूरचं ऊन' एवढंच उत्तर मिळालं. ते काही खोटं नाही. ४३-४४ डिग्रीत लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. मी पैसे भरले आणि कंपनीला मनातल्या मनात शिव्या देत घरी आलो.

इथवरचं तेव्हाच लिहिलं असतं तर 'ही गाडी घेऊ नका' असाच शेवट केला असता. पण तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा तशीच मेली, बॅटरी नवी असताना.

या वेळी मी टोइंग बोलावलंच नाही. गल्लीच्या टोकाला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान असलेल्या अण्णांना हाक मारली. त्यांनी मीटर लावला: साडेदहा व्होल्ट. भरलेल्या बॅटरीला साडेबारा-पावणेतेरा हवेत. अण्णा म्हणाले, "अहो, घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे ना? तीही बाराचीच." इन्व्हर्टर बंद करून तिच्या वायरी सोडवल्या, बॅटरी चाकांच्या स्टुलावरून बाहेर आणली, मॅन्युअल उघडं ठेवून प्लस-मायनस दोनदा तपासले आणि केबल लावल्या. मिनिटभरात स्क्रीन उजळली. गाडी 'रेडी' झाली की आतला कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करू लागतो. मीटरवर १४ च्या वर आकडा दिसला. लोडशेडिंगसाठी घेतलेल्या बॅटरीने माझी गाडी जागी केली, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. (केशरी रंगाच्या जाड केबलींना मात्र हात लावायचा नाही. त्यांत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं.)

मग अण्णांनीच कारण शोधलं. मी बाहेरून बसवून घेतलेला डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं चित्रण करणारा छोटा कॅमेरा. गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवणारा त्याचा पार्किंग मोड रात्रभर छोट्या बॅटरीतून करंट खात होता, आणि माझी गाडी उभी असताना कन्व्हर्टर बंद असतो. म्हणजे गाडीचा दोष मला वाटला होता तेवढा नव्हता. चूक माझी होती, ती मी मान्य करतो. डॅशकॅमची वायर काढली. लायटरच्या सॉकेटमध्ये दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर लावला. तेव्हापासून एकदाही त्रास नाही.

आता मोठ्या बॅटरीबद्दल. शहरात सात रस्ता, होटगी रोड, विजापूर रोड असं फिरताना फुल चार्जमध्ये २०० किलोमीटर आरामात मिळतात. हायवेला ८० च्या वेगाने १८०, शंभरला टेकवलं की १५० सुद्धा कठीण. पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे वाटेत इंदापूर-भिगवणकडे एकदा थांबणं आलंच. फास्ट चार्जरवरही ८० टक्क्यांनंतर वेग इतका पडतो की पुढच्या २० टक्क्यांसाठी बसून राहणं म्हणजे वेळ घालवणं. उन्हाळ्यात दुपारी तापलेली बॅटरी चार्जही हळू घेते, म्हणून मी पुण्याला पहाटेच निघतो.

नोव्हेंबरात एक वाईट अनुभव आला. सावळेश्वर टोलनाक्यावर २१ टक्के दिसत होते, पाच किलोमीटरांत १२ झाले. एसी बंद करून चाळीसने घरी पोचलो. माझी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. तिचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. मी महिनोन्‌महिने चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवत होतो, कारण सगळे तेच सांगतात. तो सल्ला एनएमसी या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीला जास्त लागू पडतो. आता गाडीचा अंदाज पुन्हा जुळावा म्हणून आठवड्यातून एकदा १०० करतो. तसा प्रकार पुन्हा झालेला नाही.

खर्चाचं सांगतो, कारण गाडी घेतली ती त्याच्यासाठीच. महिन्याला दीड हजार किलोमीटर, मीटरवर अडीचशेच्या वर युनिट. पण घरचे १८० आणि हे मिळून ३०० चा टप्पा ओलांडतो, मे महिन्यात एसीमुळे ५०० चाही, आणि वरच्या युनिटांचा दर चढा लागतो. शोरूममधला हिशोब सगळ्यात खालच्या दराने केलेला असतो. माझं बिल सुमारे चार हजारांनी वाढलं. जुन्या गाडीला तेवढ्याच अंतराला दहा हजारांचं पेट्रोल लागायचं. एवढी बचत होत असताना मी गाडी विकणार नाही.

पण ६,४०० मधलं तपासणी शुल्क मला परत हवंय. तीन दिवस गाडी ठेवून ज्यांना काचेवर चिकटवलेला डॅशकॅम दिसला नाही, त्यांनी तपासलं तरी काय? दोन ईमेल पाठवलेत. तिसरा सोमवारी पाठवतोय, अण्णांच्या मीटरच्या फोटोसकट.