तयार संच की घरचं कपाट? पुस्तकांच्या आधाराने होमस्कूलिंग सुरू करताना

मूल चार ते सात वर्षांचं आहे, शाळेत न घालता घरीच शिकवायचं नक्की आहे आणि वर्कशीटपेक्षा गोष्टीच्या पुस्तकांवर भर द्यायचाय, असं धरून लिहितोय. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे ३६ आठवड्यांचा तयार, बहुधा परदेशी इंग्रजी संच विकत घ्यायचा. त्यात पुस्तकं, पालकांसाठी मार्गदर्शिका आणि रोज काय वाचायचं याचा तक्ता असतो. दुसरी वाट म्हणजे वीस-पंचवीस पुस्तकं स्वतः जमवायची आणि त्यांच्याभोवती दिवस बसवायचा. दोन्हीकडची माणसं शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचाच आधार घेतात. सहाव्या वर्षाआधी रीतसर धडे नकोत, पाठ पंधरा-वीस मिनिटांत संपावा, ऐकलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावं, हे या इंग्रज शिक्षिकेचं म्हणणं दोघांनाही मान्य असतं. फरक पडतो तो रोजच्या वापरात.

संचाच्या बाजूने बोलायचं तर गणित मागे पडत नाही, आणि रात्री दमलेल्या आई-बाबांना ‘उद्या काय घ्यायचं’ हा विचार करावा लागत नाही. घरात दोन मुलं असतील आणि एकच मोठं माणूस हाताशी असेल, तर हा आधार मोठा आहे. इंग्रजी हीच घरची भाषा असेल तर संच आणखी सोयीचा.

आमचा कल ठरला तो मात्र एका गोष्टीवर. संचात सोमवारी पुस्तक बदलतं. चार-पाच वर्षांच्या मुलाचं तसं बदलत नाही.

या वयात एकच पुस्तक पंधरा-वीस वेळा वाचून घेणं हेच शिक्षण असतं. पहिल्या एक-दोन वेळा मूल फक्त चित्रं बघतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी वाक्याचा शेवटचा शब्द आपल्या आधी म्हणतं. सातव्या-आठव्या वेळी आपण मुद्दाम एखादा शब्द बदलला तर लगेच चूक पकडतं. त्यानंतर एखाद्या दुपारी पुस्तक मांडीवर घेऊन, बोट फिरवत, बाहुल्यांना अख्खी गोष्ट सांगतं. मेसनबाईंना हवं असलेलं ‘आपल्या शब्दांत सांगणं’ ते हेच, आणि ते मागावं लागत नाही. तक्त्यावर चालणाऱ्या घरात चौथ्या वाचनालाच नवं पुस्तक उघडावं लागतं. मूल ‘परत तेच’ म्हणतं आणि आपण ‘आधी आजचं संपवू’ म्हणतो. त्यात चार दिवस ताप आला की वीस पानांची थकबाकी साठते आणि वाचनाला गृहपाठाचा सूर लागतो. तक्ता बाजूला ठेवून संच वापरता येतो, हे खरं. पण मग पैसे मोजले ते तक्त्यासाठीच होते.

दुसरी अडचण भाषेची आणि ऋतूंची. परदेशी संचात शिशिरातला बर्फ आणि रॉबिन पक्षी येतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरींनंतर मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरतात, श्रावणात तेरडा फुलतो, फाल्गुनात पळस पेटतो. निसर्गाची वही, म्हणजे मुलाने बाहेर पाहिलेलं चितारायची वही, त्यावरच भरते. आजी दुपारी वाचून दाखवणार असेल तर पुस्तक मराठीच हवं.

मराठी वाचनाचा क्रम इंग्रजी संचात मिळणारच नाही, तो आपणच लावायचा. क पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाऊ नका, गट घ्या. घ, र, ब, म, ग, द, क ही सात अक्षरं आली की ‘घर बघ. मगर बघ. बदक बघ.’ ही पूर्ण वाक्यं वाचता येतात. काना नाही, मात्रा नाही. मग काना, मग वेलांट्या-उकार, मग मात्रा. जोडाक्षरं त्यानंतर आणि रफार सगळ्यात शेवटी. रोज दहा मिनिटं पुरतात. मूल चुळबुळायला लागायच्या आधी थांबायचं.

कपाट असं लावा. पंधरा चित्रपुस्तकं, एक बडबडगीतांचा संग्रह, दोन लोककथांची पुस्तकं, दोन पक्षी-झाडांची. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या मराठी याद्यांतून एवढं सहज जमतं. प्रथमच्या पुस्तकांवर १ ते ४ अशा पातळ्या छापलेल्या असतात. मुलाने स्वतः वाचायला १, आपण वाचून दाखवायला २ आणि ३. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. फोनवर न दाखवता छापून, शिवून घ्या. एका वेळी सहाच पुस्तकं बाहेर ठेवा, मुखपृष्ठ समोर येईल अशी. पुस्तकांच्या नुसत्या कडा दिसणारी रांग लहान मुलाला काहीच सांगत नाही. पुस्तक आत कधी जाईल? मुलाने आठवडाभर हात लावला नाही की. तारीख बघून नाही.

या वाटेवर बिघडतं काय, तेही सांगायला हवं. पहिलं, गणित हरवतं. त्याला नाश्त्यानंतरची ठरलेली पंधरा मिनिटं द्या: वीस चिंचोके, दोन फासे, सापशिडी, आणि दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले जुडगे. दुसरं, हौसेने पुस्तकं वयाच्या पुढची घेतली जातात. एका पानावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल तर चार वर्षांच्या मुलासाठी ते पुस्तक वर्षभर वरच्या फळीवर ठेवा. तिसरं, प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्न विचारायचा मोह होतो. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न आठ दिवसांत ऐकण्याची ओढ मारतो. सहा वर्षांपर्यंत मूल आपणहून सांगेल तेवढंच ऐकायचं.

पुढेमागे शाळेत घालावं लागलं तर, ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या मुक्त शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पहिलीचं पुस्तक वर्षातून दोनदा चाळून काही राहिलंय का ते बघावं.

तेव्हा घरातलं मोठं माणूस दिवसातून दीड तासही मोकळं नसेल, तर संच घ्यायला हरकत नाही. फक्त तक्त्यावरचे वार खोडून टाका आणि मुलाचं पुस्तक संपेपर्यंत तक्त्याचं पान उलटू नका. तेवढा वेळ निघत असेल, तर मी कपाटच म्हणेन. सुरुवात वीस पुस्तकांनीही करू नका, सहा आणा. पहिला महिना सकाळी वीस मिनिटं आणि झोपताना वीस मिनिटं फक्त वाचन. अक्षरं दुसऱ्या महिन्यापासून. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात पिनांना गंज चढतो आणि पानं सुटतात. म्हणून नवं पुस्तक आणल्या दिवशीच पिन काढून जाड दोऱ्याने तीन टाके घाला आणि फळीवर कसरीसाठी वेखंडाचे तुकडे ठेवा. वीस वेळा उघडलं जाणारं पुस्तक तेवढं टिकायला हवं.