टर्मियम प्लस आणि ग्रां दिक्सियोनेर: फ्रेंच मशीनचं मॅन्युअल इंग्लिशमध्ये करताना आलेला अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमच्याकडे फ्रान्सहून आलेली सेकंडहँड असेंब्ली लाइन आहे, स्क्रू बसवणारी स्टेशनं, पिक-अँड-प्लेस रोबो, सुटे भाग ओळीने पुढे देणारे बाउल फीडर वगैरे. मशीन दणकट, पण मॅन्युअल आणि अलार्म लिस्ट सगळं फ्रेंचमध्ये, आणि ते इंग्लिशमध्ये करायचं काम माझ्याकडे. दिवाळीपासून मी त्यासाठी कॅनडा सरकारचं टर्मियम प्लस आणि तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताचं ग्रां दिक्सियोनेर तेर्मिनोलोजिक हे तांत्रिक शब्दांचे डेटाबेस वापरतेय, दोन्ही ऑनलाइन, दोन्ही फुकट. मला दोन्ही मनापासून आवडलीत, आणि त्याचं कारण म्हणजे शब्दासोबत दिलेलं क्षेत्र. हा शब्द हायड्रॉलिक्सचा, हा ऑटोमेशनचा, हा बेअरिंगचा असं तिथेच लिहिलेलं असतं, बऱ्याचदा खाली व्याख्या पण असते. नुसता अर्थ कुठेही मिळतो हो, पण आपल्या मशीनला कुठला लागू होतो ते कळायला हेच लागतं.

'कोंसीन्य' घ्या. टॉर्कच्या (स्क्रू पिळायच्या जोराच्या) टेबलमध्ये तो सेटपॉइंट, म्हणजे मशीनला ठरवून दिलेला आकडा, सेफ्टीच्या चॅप्टरमध्ये अनेकवचनात आला की सूचना, आणि त्याच घरातला 'कोंसिन्यासियों' म्हणजे लॉकआउट, म्हणजे सप्लाय तोडून कुलूप लावायचं आणि मगच आत हात घालायचा. आधी कोणीतरी एका फुकटच्या ट्रान्सलेटरवर हे मॅन्युअल टाकलं होतं, त्यात तिथे चक्क 'कन्साइनमेंट' आलं होतं. मेंटेनन्सचा माणूस ते वाचून काय समजणार, माल पाठवायचाय? सेफ्टीच्या पानावर असं होणं मला अजिबात चालत नाही.

'ब्युते'चं पण तसंच. त्या जुन्या प्रिंटमध्ये सगळीकडे नुसतं 'स्टॉप' होतं. आमचे फिटर काका, दांडिया बाजारचे, सरळ विचारायला आले, "मॅडम, इथे मशीन थांबवायची की हा ठोकळा बदलायचा?" ठोकळाच होता, स्लाइडच्या टोकाला रबर लावलेला, रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं. आता मी तिथे 'मेकॅनिकल एंड स्टॉप' लिहिते आणि मशीन थांबवायची असेल तिथे वेगळं लिहिते. आणि पुढे 'आ बीय' जोडलेलं असलं तर तो थ्रस्ट बॉल बेअरिंग, त्याचा थांबण्याशी काही संबंध नाही.

पण सगळंच डेटाबेसमध्ये मिळतं असं नाही. 'वेरँ' बघा, हवेवर चालणारा असेल तर सिलिंडर, मोटरवरचा असेल तर इलेक्ट्रिक अ‍ॅक्चुएटर, गाडी उचलणारा असेल तर जॅक. इथे मी लाइनवर जाऊन पाइप लागलाय का केबल ते बघते, खुर्चीत बसून होत नाही हे. ड्रॉइंगमधले शॉर्टफॉर्मही असेच, 'आपेई' (API) म्हणजे आपला पीएलसी, मशीन चालवणारा कंट्रोलर, हे एकदा कळलं की अर्धी अलार्म लिस्ट सुटते. आणि क्वेबेकचे काही शब्द फ्रान्समधल्या शॉपफ्लोअरवर बोलत नाहीत, पण आपण फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये येतोय म्हणून फारसं अडत नाही.

आकडेही जपून घ्या, फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, त्यामुळे १,२ न्यूटन मीटर म्हणजे १.२, घाईत कोणी बारा टाकले की प्लॅस्टिकचं हाउसिंग गेलंच.

कंट्रोलच्या शब्दांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रिकल मानक संस्थेचा ऑनलाइन शब्दकोश इलेक्ट्रोपीडिया पण उघडा ठेवा, तिथे इंग्लिश आणि फ्रेंच व्याख्या एकाच पानावर असतात. आणि सेफ्टीच्या भागासाठी मी तर युरोपच्या मशिनरी डायरेक्टिव्हचीच (मशीनच्या सुरक्षेच्या कायद्याची), २००६/४२ ची, भाषा उचलते, युरलेक्सवर, म्हणजे युरोपियन युनियनच्या कायद्यांच्या साइटवर, फ्रेंच आणि इंग्लिश शेजारी शेजारी लावून वाचता येतं, एकेक वाक्य जुळवत जायचं. त्याच्या जागी २०२३/१२३० हा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय, त्यामुळे नवीन मशीनचं मॅन्युअल करणाऱ्यांनी आत्तापासून तोच लावून बघा.